कॅमेरा वहीवर

हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
८ जुलै

नूतन,

सप्रेम जय भीम.

तुझ्या सगळ्या अटी मला मान्य आहेत. काल मैत्रेयीने त्या फोनवर वाचून दाखवल्या आणि वाचता वाचता "मम्मीने लिहिलंय हां, मी नाही" असं दोनदा सांगितलं. तरी मान्य केल्याचं लेखी असावं म्हणून हे पत्र. माझा नंबर तू तुझ्या मोबाइलवर बंद केला आहेस आणि मैत्रेयीकडच्या जुन्या फोनवर काही लिहिलं तर ते आधी तीच वाचणार. म्हणून पोस्टाने पाठवते आहे. बदलापूरहून वांगणी पुढचंच स्टेशन, पत्राला किती दिवस लागतात ते बघू.

संध्याकाळी सहा ते सात. फोन तिने करायचा, मी नाही. कॅमेरा वहीवर, घरावर नाही. पप्पाचा विषय काढायचा नाही. तू कामावरून कधी येतेस, घरात काय शिजलं, कोण आलं, कोण गेलं, यातलं काही विचारायचं नाही. आणि अभ्यास करून द्यायचा नाही, करून घ्यायचा.

या शेवटच्या अटीपुढे तू जे लिहिलं होतंस तेही तिने वाचलं. "त्यांच्या मुलाचं सगळं त्यांनीच केलं, म्हणून तो असा झाला." वाचून झाल्यावर म्हणाली, "आजी, हे बहुतेक वाचायचं नव्हतं." मी म्हटलं, राहू दे, पुढचं वाच. त्यावर मी इथेही काही लिहीत नाही.

करून द्यायचं नाही, हे मात्र मला नवीन नाही. अंबरनाथच्या कंपनीत मी इतकी वर्षं तपासणीला होते. आमच्या खात्याचा नियम होता. जॉब, म्हणजे मशीनवरून उतरलेला भाग, मापात बसला नाही तर चूक जिथे असेल तिथे लाल खडूने गोल करायचा आणि तो ज्या ऑपरेटरने केला त्याच्याकडे परत पाठवायचा. आपण कानस हातात घ्यायची नाही. अगदी दोनदा घासलं की बसेल असं दिसत असलं तरी नाही. तपासणीवालीने घासून दिलं तर त्या माणसाला आपलं हत्यार झिजलंय हे कळतच नाही आणि पुढचे सगळे जॉब तो तसेच काढतो.

फोनवर तर माझा हात पोचतही नाही. लाल खडूही नाही. "वरून तिसरी ओळ परत बघ" एवढंच सांगता येतं. तेवढंच सांगेन.

सहावीचं गणित सेमीमुळे इंग्रजीत आहे. परिमितीला ती पेरिमीटर म्हणते. मी तिच्याकडून शिकून घेते आहे. तास दिलास, पुरे आहे.

मैत्रेयीची आजी

३ ऑगस्ट

नूतन,

सप्रेम जय भीम.

महिना होत आला, म्हणून कसं चाललंय ते कळवते.

तिने फोनसाठी चांगली युक्ती काढली आहे. दोन बाजूंना पुस्तकांच्या चळती, वर फोन आडवा, मागचा कॅमेरा खाली. पूल बांधल्यासारखं. मला वही दिसते आणि तिचा हात दिसतो. बाकी काही दिसत नाही. अट तिने तुझ्यापेक्षा कडक पाळली आहे.

पहिले काही दिवस उत्तर काढून घ्यायचा प्रयत्न झाला.

"सांग ना आजी. मम्मीला नाही सांगणार."

"मला येत नाही."

"खोटं! तू कंपनीत होतीस."

"कंपनीत मी चुका शोधायचे, गणितं नाही सोडवायचे."

"तू ना, रेफरी आहेस. शिट्टी मारायची आणि बाजूला उभं राहायचं."

"मग गोल कोण मारणार?"

"मीच. पण पास तरी दे ना यार!"

"यार कुणाला म्हणतेस?"

"सॉरी. आजी यार."

आता तो हट्ट बंद झाला आहे. मी "पाचवी ओळ" म्हटलं की ती पुटपुटते, खोडते, परत लिहिते. त्या वेळी मी काही बोलत नाही. शिकवण्यात सगळ्यात अवघड ते आहे, हे मला या वयात कळतंय. उत्तर जिभेवर असतं आणि समोर तो हात थांबलेला असतो. मी तोंडात लवंग धरून बसते.

हात मात्र आता मला पाठ झाला आहे. डावा. ती कुणावर गेली, तो विषय बंद आहे. डाव्या हाताने लिहिताना तळवा ओल्या अक्षरांवरून फिरतो, म्हणून करंगळीखालचा भाग निळा होतो. अंगठ्याचं नख कुरतडलेलं असतं. बाकीची नाहीत.

गेल्या आठवड्यात त्याच हाताच्या बोटावर फोड दिसला. भाजल्याचा. माझं लक्ष गेलं हे तिला कळलं असावं, कारण तिने हात वहीखाली घेतला. घरातलं विचारायचं नाही अशी अट आहे, म्हणून तिला विचारलं नाही. तुला विचारते.

ती शाळेतून आल्यावर तू येईपर्यंत एकटी असते, हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण त्या तासात तुमच्या घरात दुसरा आवाज नसतो. उल्हासनगरहून दुकान बंद करून, बिलं लावून तुला यायला उशीर होणारच. त्यात तुझा दोष काढत नाही. एवढंच विचारते की मी येऊन बसले तर चालेल का? तू यायच्या आत निघेन. घरात नको असेल तर बाहेर जिन्यात बसेन.

मैत्रेयीची आजी

१४ सप्टेंबर

नूतन,

सप्रेम जय भीम.

तुझा निरोप मिळाला. फोड चहा करताना आला आणि बरा झाला. मी येण्याची गरज नाही. ठीक आहे, परत विचारणार नाही.

दुसऱ्या निरोपाबद्दल. मैत्रेयीने तो एका दमात सांगितला, म्हणजे तिला सांगायचा नव्हता. "मम्मी म्हणाली तुझ्याकडे मागे जेन्ट्सचा आवाज येतो. पप्पा बाजूला बसून ऐकत असेल तर आजपासून फोन बंद."

नूतन, तो टीव्हीचा आवाज आहे. बातम्यांचा माणूस. आतल्या खोलीत चालू असतो. आता सहाला बंद करते. राजरत्न त्या वेळी घरी नसतो, कामावर असतो. आमच्या बोलण्यातला एक शब्दही मी त्याला सांगत नाही. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर समोरच्या विठाबाईंना विचार. त्या मुद्दाम सहाच्या ठोक्याला कढीपत्ता मागायला येतात आणि दारातूनच ओरडतात, "भरली का शाळा? एका विद्यार्थिनीची शाळा, बाईला पगार किती?" परवा त्यांना बाहेर ठेवून दार लावलं, तर जिन्यातून म्हणाल्या, "मोबाइलवर नात वाढवतेय हो ही!" मैत्रेयीला ऐकू गेलं. दहा मिनिटं हसत होती. हात हलत होता हसताना, तो मी बघत होते.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. यात मी अट मोडली की नाही ते तू ठरव.

मराठीच्या बाईंनी निबंध दिला होता, 'माझे घर'. तिने वरती शीर्षक लिहिलं, खाली रेघ मारली आणि पेन ठेवून दिलं. मग विचारलं, "आजी, कुठलं?"

गणिताला एकच उत्तर असतं, म्हणून गप्प बसणं सोपं जातं. इथे मी गप्प बसले असते तर ते गप्प बसणंही एक उत्तर झालं असतं. मी म्हटलं, "ज्या घरात आता बसून लिहिते आहेस, ते."

हे सांगणं झालं. करून देणं झालं का, ते तू ठरव.

मग तिने लिहिलं. खिडकीतून आधी शेत दिसतं आणि त्याच्या मागे बिल्डिंगांचे सांगाडे. लिफ्ट आहे पण चालू नाही. बाबासाहेबांचा फोटो मम्मीने पहिल्या दिवशी लावला, त्याच्यासाठी खिळा ठोकताना भिंतीचा पोपडा पडला. रविवारी मम्मी आणि मी एकाच ताटात जेवतो, कारण मग एकच ताट घासावं लागतं. कॅमेरा वहीवर होता, म्हणून मला ते सगळं वाचता आलं. तुझं घर मी असं बघितलं. मुद्दाम नाही.

व्याकरणाची एकच चूक होती. ती मी दाखवली नाही. उद्या दाखवेन.

मैत्रेयीची आजी

१२ ऑक्टोबर

नूतन,

सप्रेम जय भीम.

क्लासची गोष्ट कळली. मैत्रेयीने तुझी चिठ्ठीच कॅमेऱ्याखाली धरली, त्यामुळे या वेळी तुझं अक्षर वाचलं. पूर्वी किराण्याची यादी लिहायचीस तसंच, घाईत, पण एकही शब्द न गाळता.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. शाळेच्या बाईंनी बोलावून सांगितलं की घरच्या अभ्यासाच्या वहीत पानोपानी खाडाखोड आहे. पाच गणितांना तास लागतो. चाचणीत मात्र हीच मुलगी वेळेआधी पेपर देते आणि पेपर स्वच्छ असतो. म्हणजे एकटी असली की तिला येतं आणि माझ्याबरोबर बसली की तिचा गोंधळ होतो. म्हणून दिवाळीनंतर स्टेशनजवळचा क्लास, सहा ते साडेसात. तिथे दीड तास कुणाच्या तरी डोळ्यांसमोरही राहील.

तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

तरीही एक महिना माग‍ते. दिवाळीची सुट्टी धरून. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत खाडाखोड थांबली नाही तर क्लास लाव, मी अवाक्षर बोलणार नाही. थांबली तर तास राहू दे. वहीत काय चाललंय ते मला शोधून काढू दे. माझं आयुष्यभराचं काम तेच होतं.

खोटं कशाला लिहू, सहाचा तास गेला तर माझ्याकडे सहाला करायला काही नाही. पण त्यासाठी म्हणून तास ठेव, असं मी म्हणत नाही.

मैत्रेयीची आजी

९ नोव्हेंबर

नूतन,

सप्रेम जय भीम.

महिना दिलास. त्याचं उत्तर देते आहे. हे पत्र लिहायला घेऊन मी तीनदा बाजूला ठेवलं.

मैत्रेयीचा गोंधळ होत नाही. तिला सगळं येतं.

मला हे आधीच दिसायला हवं होतं. झिजलेल्या हत्याराची चूक वाढत वाढत जाते. आज थोडी, उद्या जास्त. ज्याला काम येत नाही त्याची चूक कुठेही सापडते. पण ज्याला काम येतं आणि तो मुद्दाम जॉब बिघडवतो, त्याची चूक वेगळी असते. बाकी सगळा जॉब आरशासारखा आणि एकच माप बाहेर. कंपनीत ओव्हरटाइमचे दिवस असले की असे जॉब यायचे. काम संपू नये म्हणून.

सुट्टीत मी तिच्या चुका नुसत्या बघत राहिले. तीन छेद चार अधिक एक छेद सहा. तिने छेद बारा काढला, बरोबर. वरती नऊ आणि दोन, बरोबर. आणि मग नऊ नि दोन बारा. जिला लसावि तोंडी काढता येतो तिला नऊ आणि दोन किती हे येत नाही? दुसऱ्या दिवशी पेरिमीटर. लांबी पंधरा, रुंदी बारा, सूत्र बरोबर, कंस बरोबर, आणि शेवटी चोपन्नच्या जागी पंचेचाळीस. प्रत्येक वेळी शेवटची ओळ. आणि प्रत्येक वेळी त्या ओळीआधी हात थांबतो. विचार करणारा हात कसा थांबतो ते मला माहीत आहे, पेन वर खाली होतं. हा तसा थांबत नाही. हा ठरवलेलं करायच्या आधी थांबतो.

मी तिला "शेवटची ओळ बघ" म्हटलं की ती लगेच खोडत नाही. "हं... थांब हं... बघते" असं चालतं. मग हळूहळू एक रेघ. मग पेन झटकायचं. मग एकदम, "अय्या, अकरा!"

नूतन, चुका संपल्या की फोन संपतो, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणून ती चुका संपू देत नाही.

आणि मी? मला दिसलेली चूक मी दिसल्याबरोबर सांगत होते असं नाही. चष्मा पुसायचे. "अक्षर नीट दिसत नाही, वही जरा सरकव" म्हणायचे. निबंधातली ती एक चूक मी दुसऱ्या दिवसासाठी ठेवली, ते तुला लिहिलं होतंच, त्यामागचं कारण लिहिलं नव्हतं. आम्ही दोघी मिळून एकच जॉब पुरवून पुरवून करत होतो. एकमेकींना न सांगता.

हे मी तिला बोलले नाही. बोलले असते तर सोपा रस्ता होता. हळूच सांगायचं, खाडाखोड करू नको बाळ, नुसती सावकाश लिही, मम्मीला कळणार नाही. वही स्वच्छ झाली असती, बाई खूश, तू खूश, तास राहिला असता. दोन संध्याकाळी मी ते वाक्य जुळवत बसले होते. पण ती कानस हातात घेणंच झालं असतं. आणि आईपासून लपवायला मी तिला शिकवलं असतं, ते वेगळं.

म्हणून खरं ते असं. तिला गणिताला माझी गरज नाही, क्लासचीही नाही. क्लासचे पैसे आणि दोन्हीचा वेळ वाचव.

खरं लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. राजरत्न त्या वेळी कामावर असतो असं मी लिहिलं होतं. तो इथे राहतच नाही. उन्हाळ्याच्या आधीच पुण्याला गेला. जयंतीलाही आला नाही. फोन लागतो, तो उचलत नाही. तुला हे कळलं तर तू म्हणशील, आता एकटी पडली म्हणून पोरीच्या मागे लागली आहे. म्हणून लिहिलं नव्हतं. टीव्ही मी बघत नाही. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून आतल्या खोलीत लावून ठेवते.

मैत्रेयीला रागावू नकोस. तिचं एकही गणित खरं चुकलेलं नाही.

मैत्रेयीची आजी

२१ नोव्हेंबर

नूतन,

पत्र मिळालं असावं. त्यानंतर फोन आला नाही. यात विचारण्यासारखं काही नाही. तू काय ठरवशील ते मी लिहितानाच ओळखलं होतं.

फक्त कळवते की सहाला मी फोनजवळ असते. सवयीने. परवा विठाबाई आल्या, दारात उभ्या राहिल्या, काही ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आज सुट्टी काय?" मी हो म्हटलं. मग त्यांनी कढीपत्ता न मागताच नेला.

टीव्ही अजून सहाला बंदच ठेवते.

मैत्रेयीची आजी

७ डिसेंबर

नूतन,

सप्रेम जय भीम.

काल संध्याकाळी फोन आला. आपल्याच लोकांची गर्दी असते म्हणून तुम्ही दोघी सकाळीच दादरला जाऊन आलात, हे तिने आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मी चष्मा लावून, लवंग घेऊन बसले. नेहमीप्रमाणे पुस्तकांवर फोन, खाली वही. पण पेन बाहेर नव्हतं. तिने एक पान उलटलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळी गणितं सोडवलेली. एकही खोडलेली ओळ नाही. शेवटच्या ओळी मी सवयीने आधी बघितल्या. अकराच्या जागी अकरा, चोपन्नच्या जागी चोपन्न. खाली बाईंची लाल सही.

"बघितलंस?"

"बघितलं."

"काही चुकलंय?"

"नाही."

"नीट बघ ना."

"नीट बघितलं. सगळं मापात आहे."

मग ती म्हणाली, "मम्मीने नवीन रूल केलाय. अभ्यास आधी एकटीने करायचा. आठवडाभर एक पण खाडाखोड नसेल तरच आजीला फोन. खाडाखोड असेल तर फोन कट. उलटं केलंय तिने सगळं." मग एक पान मागे उलटत, "आजी, पहिल्या आठवड्यात एकच झाली होती. खरीखुरी. मुद्दाम नव्हती. तरी मम्मी नाही म्हणाली."

मी हसले. तुला सांगते, एवढी वर्षं कंपनीत होते, किती साहेब आले नि गेले, ओव्हरटाइमचं दुखणं असं मुळापासून कुणाला काढता आलं नाही.

आम्हां दोघींना वहीशिवाय बोलायची सवयच नाही. ती म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "मग काय." वही तशीच उघडी होती. हात पानावर होता, करंगळीखाली निळा. अंगठ्याचं नख वाढलेलं दिसलं.

"आजी, अजून एक रूल आहे. अभ्यास झालेला असेल तर कॅमेरा कुठे पण केला तरी चालेल."

आणि तिने फोन उचलला. आधी सगळं हललं, पंखा दिसला, ट्यूबलाइट दिसली. मग ती दिसली.

गेल्या हिवाळ्यात तू तिला घेऊन गेलीस तेव्हाचा चेहरा माझ्याकडे होता. मी रोज त्या हाताला तोच चेहरा लावून बसत होते. हा तो नव्हता. गाल उतरलेत, हनुवटी तुझी आली आहे. केस कापलेत. आणि डोळ्यांवर चष्मा. स्टेशनवर समोरून गेली असती तर मी बाजूला होऊन वाट दिली असती. हात दिसला असता तर मात्र गर्दीतूनही हाक मारली असती.

"काय बघतेस?" ती म्हणाली.

"चष्मा कधी लागला?"

"कधीचा! पावसाळ्यात. तुला माहीत नाही?"

"मला कसं माहीत असणार. माझ्यापुढे वही होती."

तिने चष्मा काढून दाखवला, परत लावला. तिच्या मागे भिंत होती, फोटो होता, खुंटीला काहीतरी लटकत होतं. मी तिकडे बघितलं नाही. कॅमेरा कुठेही केला तरी चालेल हे तू तिला सांगितलंस, मला नाही.

फोन लवकर संपला. अभ्यास नसला की फार वेळ लागत नाही. पुढच्या आठवड्याची वही स्वच्छ राहिली तर परत येईल. नाही राहिली तर त्याच्या पुढच्या. मी मदत करू शकत नाही आणि ते बरोबर आहे.

एवढंच विचारायचं होतं. पहिल्या पत्रात विचारणार नाही म्हणून कबूल केलेल्या यादीत हे बसतं की नाही, मला कळत नाही. बसत असेल तर उत्तर देऊ नकोस.

तिचा नंबर किती आहे? आणि दोन्ही डोळ्यांना आहे, की एकाच?

द्रौपदी